खुर्चीचे पुढचे पाय

माझा बाप सुतार. दुकान परभणीत, नानलपेठेच्या तोंडाशी.
हाली रुपया चालत होता तेव्हाची गोष्ट.
कोतवालीतनं निरोप आला: खुर्ची पाहिजे, सागाची,
पुढचे पाय मागच्यांपेक्षा दोन बोटं आखूड.
बापाला वाटलं, शिपायानं ऐकताना घोळ केला.
त्यानं आपली सरळ खुर्ची केली आणि डोक्यावर घेऊन गेला.

बंकटप्रसाद नुकताच खुफियाचा मोहतमीम झालेला.
मूळचा हिंगोलीचा नक्कलनवीस. अक्षर असं,
की त्याच्या हातचा गुन्हाही वाचावासा वाटे.
नकला करता करता त्याला उमगलं,
माणूस मजकुरात नसतो, खाडाखोडीत असतो.
ज्यांनी नोकरीला लावलं त्या नवाजिश अलींची खाडाखोड
त्यानं नऊ महिने जमवली.
दहाव्या महिन्यात साहेबांची औरंगाबादेला बदली झाली.
ते पोचलेच नाहीत.
हा त्यांच्या खोलीत बसला
आणि पहिल्याच दिवशी खिडकी विटांनी बुजवून घेतली.

त्यानं बापाला चहा पाजला, मग समजावलं,
‘बसणारा पुढं घसरत राहिला पाहिजे, मिस्त्री.
घसरणारा पायांवर लक्ष ठेवतो, जिभेवर नाही.’
आवाज गोड. बापाच्या कानावरची पेन्सिल काढून
त्यानं स्वतः रेघ मारली.
बापानं कापलं. मजुरी चोख मिळाली.
हे मी लपवत नाही.

पुढची सहा वर्षं पेठेत
नवरा-बायको बोलायला बसली की जातं फिरायचं,
दळण नसलं तरी.
उरुसातल्या पाळण्यात लोक वर गेल्यावर बोलायचे,
खाली येताना गप.
‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणारे
आता तेही म्हणेनात; न जाणो, कुणाची नाही बनली
ते कुणी लिहून घ्यायचं.

त्याला सीताफळाचा नाद. बालाघाटातनं टोपली यायची.
बिया बशीत मोजून ठेवायचा. आकडा जुळला
की मगच पुढचं फळ.

मग हैदराबादेत वर कुणीतरी बदललं.
टेबलावर एक मिसल आली, नाव कोरं,
अक्षर त्याच्यासारखंच, वेलांटीसुद्धा.
नागनाथ कारकुनाला त्यानंच गिरवून गिरवून शिकवलेलं.
तीन पानं तो खुशीत वाचत गेला,
एके ठिकाणी ‘शाबास’ असंही लिहिलं समासात.
चौथ्या पानावर होतं:
सदर इसम सीताफळाच्या बिया मोजतो.

त्याला त्या खुर्चीत बसवलं, तेव्हा तो घसरला नाही.
कुठं टाच रोवायची, पाठ कुठं टेकायची, सगळं ठाऊक.
समोर नागनाथ. त्यानं हे बघितलं
आणि बापाला बोलावणं धाडलं:
अजून एक बोट.

बाप गेला. बंकटप्रसाद भिंतीला धरून उभा,
दाढी वाढलेली, अंगठ्याच्या नखात जुनी शाई.
बाप म्हणायचा, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही रे,
करवतीकडं बघितलं. म्हणाला,
‘मिस्त्री, रेघ तिरकी मारलीय याला. सरळ करून घ्या.’
बापानं सरळ करून कापलं.

नंतर काय झालं कुणाला पक्कं ठाऊक नाही.
कुणी म्हणतं तुरुंगात गेला,
कुणाच्या मामानं पूर्णा जंक्शनवर
आठ आण्यात अर्ज लिहिताना पाहिला, मोत्यासारखं अक्षर.
राज्यच गेलं तेव्हा कोतवालीतल्या सामानाचा लिलाव झाला.
बापानं खुर्ची घेतली. का, ते आईलाही सांगितलं नाही.

तो गेल्यावर दुकानाच्या भिंतीतल्या भेगेत
बिडीच्या थोटकांमागं चार चकत्या सापडल्या,
दोन जाड, दोन पातळ, सागाच्या.
त्या मी पायांना परत लावल्या, सरस लावून,
ज्या त्या पायाला, शिरेला शीर जुळवून.

तरी खुर्ची पुढं झुकतेच, फार नाही,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
करवतीनं खाल्लं ते कुठनं आणू?